गाडीखाली लाल डाग? गिअरबॉक्स उतरवण्याआधी गळती कुठून ते विचारा

दुसऱ्याची गाडी ओढल्यावर किंवा ट्रेलर खेचल्यावर ऑटोमॅटिक गाडीतून तेल का गळतं, ते घरच्या घरी कसं ओळखायचं आणि गॅरेजमध्ये काय विचारायचं? समजून घ्या सोप्या शब्दांत.

जोराचा पाऊस झाला, अंधेरी किंवा मालाडच्या सबवेत पाणी भरलं, की बंद पडलेल्या गाडीला दोर बांधून बाहेर काढणारी एखादी एसयूव्ही हमखास दिसते. पूर्वी हे काम ट्रक किंवा टेम्पो करायचे. आता शेजाऱ्याची थार, मित्राची फॉर्च्युनर किंवा स्कॉर्पिओ-एन मदतीला येते, आणि यातल्या बऱ्याच गाड्या ऑटोमॅटिक असतात. मदत होते, आभार मानले जातात. नंतर एखाद्या सकाळी गाडी मागे घेतली की पेव्हर ब्लॉकवर दोन-चार लालसर थेंब दिसतात.

इथून पुढे बऱ्याचदा दोनपैकी एक सल्ला मिळतो. पहिला, 'थोडं तेल टाका आणि चालवा.' दुसरा, 'गिअरबॉक्स उतरवून खोलावा लागेल.' पहिला ऐकला तर काही दिवसांनी गिअरबॉक्स खरोखरच जाऊ शकतो. दुसरा ऐकला तर काही शे रुपयांच्या सीलसाठी हजारोंची, कधी लाखाच्या घरातली पावती हातात पडू शकते. दोन्ही सल्ल्यांत एक गोष्ट सारखीच आहे. तेल नेमकं कुठून येतंय, हे कोणी शोधलेलंच नाही.

माझं म्हणणं साधं आहे. गळतीचं ठिकाण दाखवल्याशिवाय गिअरबॉक्सला हात लावू देऊ नका. आणि ते ठिकाण शोधायला लागणारी माहिती गाडीमालकाला व गल्लीतल्या गॅरेजला मिळालीच पाहिजे.

डाग कोणाच्या गाडीचा?

चारकोपमध्ये राहणाऱ्यांना हा प्रश्न विनोदी वाटणार नाही. जागतिक बँकेच्या मदतीने १९८५ मध्ये सुरू झालेल्या मुंबई नागरी विकास प्रकल्पात म्हाडाने इथे छोटे भूखंड पाडले आणि त्यांवर बैठी घरं उभी राहिली. आज त्याच सेक्टरांच्या गल्ल्यांत चारचाकी गाड्या एकमेकींना खेटून उभ्या असतात. रात्री एक गाडी, सकाळी तिथेच दुसरी. त्यामुळे डाग आपल्या गाडीचा आहे की काल उभ्या असलेल्या गाडीचा, इथूनच सुरुवात करावी लागते.

उपाय फुकटचा आहे. फ्रिज किंवा टीव्हीच्या खोक्याचा मोठा, कोरा पुठ्ठा घ्या. रात्री गाडी लावल्यावर तो इंजिनपासून गाडीच्या मधल्या भागापर्यंत सरकवा. पुढची चाकं कुठे येतात, तिथे पेनने खूण करा. वाऱ्याने उडू नये म्हणून कडेला वीट ठेवा. सकाळी पुठ्ठ्यावर तीन गोष्टी दिसतील: तेल गळतंय का, कोणत्या रंगाचं आणि साधारण कुठून. पुठ्ठ्याचा फोटो काढून ठेवा, पुढे तो कामाला येतो.

लाल म्हणजे गिअरबॉक्सचंच तेल का?

ऑटोमॅटिक गिअरबॉक्समधल्या तेलाला एटीएफ म्हणतात. या तेलात बहुतेक वेळा लाल रंग मिसळलेला असतो. इंजिन ऑइलपासून ते वेगळं ओळखता यावं, हाच त्यामागचा हेतू. जुनं झालं की ते तपकिरी होतं. जळालेलं असेल तर काळपट दिसतं आणि करपल्यासारखा वास येतो.

पण लाल दिसलं म्हणजे गिअरबॉक्सच, असं नाही. हायड्रॉलिक पॉवर स्टिअरिंग असलेल्या अनेक जुन्या एसयूव्हींत स्टिअरिंगसाठीही एटीएफच भरतात. त्यामुळे पुढच्या बाजूचा लाल थेंब स्टिअरिंगच्या पाइपचाही असू शकतो. काही कंपन्यांचं कूलंट गुलाबी किंवा लाल असतं. ते बोटांवर घेतलं तर पाण्यासारखं पातळ लागतं आणि वास गोडसर येतो. एटीएफ बोटांत तेलासारखं घसरतं. इंजिन ऑइल पिवळसर तपकिरी ते काळं असतं. एसीचं पाणी म्हणजे निव्वळ पाणी, त्याची चिंता नको.

उलट बाजूही लक्षात ठेवा. सगळ्याच ऑटोमॅटिक गाड्यांचं तेल लाल नसतं. काही सीव्हीटी गिअरबॉक्सचं तेल हिरवट किंवा निळसर असतं, काही ड्युअल क्लच गिअरबॉक्सचं पिवळसर. आणि 'ऑटोमॅटिक' या एका शब्दाखाली आपल्याकडे चार वेगळी यंत्रं विकली जातात. २०१४ मध्ये मारुतीच्या सेलेरिओतून आलेली एएमटी म्हणजे मुळात मॅन्युअल गिअरबॉक्स. त्यात साधं गिअर ऑइल असतं, फक्त क्लच आणि गिअर बदलण्याचं काम यंत्र करतं. क्रेटाचं उदाहरण घ्या. एकाच नावाच्या गाडीत डिझेलला टॉर्क कन्व्हर्टर, साध्या पेट्रोलला सीव्हीटी आणि टर्बो पेट्रोलला ड्युअल क्लच गिअरबॉक्स आहे. तिघांची तेलं वेगळी. म्हणून 'ऑटोमॅटिकचं तेल द्या' असं दुकानात सांगणं म्हणजे 'तापावरची गोळी द्या' असं सांगण्यासारखं आहे.

या लेखात पुढे जे सांगितलंय, ते मुख्यतः टॉर्क कन्व्हर्टर असलेल्या गाड्यांबद्दल आहे. ओढण्याचं काम करणाऱ्या मोठ्या एसयूव्हींत बहुतेक तोच असतो.

ओढणाऱ्या गाडीलाच हा त्रास का?

दोन टेबल पंखे समोरासमोर ठेवा आणि एकच चालू करा. त्याच्या वाऱ्याने दुसऱ्याची पातीही फिरू लागतील. टॉर्क कन्व्हर्टर असाच चालतो, फक्त वाऱ्याच्या जागी तेल असतं. इंजिन एक पंखा फिरवतं, तेलाच्या प्रवाहाने दुसरा फिरतो आणि गिअरबॉक्सला गती मिळते. दोन्ही पंख्यांच्या वेगात जितका फरक, तितकी शक्ती तेल घुसळण्यात वाया जाते. ती वाया गेलेली शक्ती म्हणजे उष्णता.

मोकळ्या रस्त्यावर ठरावीक वेगानंतर आतला लॉक-अप क्लच दोन्ही पंखे जोडून टाकतो, मग तेल फारसं तापत नाही. पण चिखलातून, पाण्यातून किंवा चढावर दुसरी गाडी ओढताना वेग कमी आणि जोर जास्त असतो. सगळा भार त्या घुसळणाऱ्या तेलावर येतो. वर वेग कमी असल्यामुळे कूलरला पुरेसा वाराही मिळत नाही.

हिशेब करून बघू. समजा, ओढताना इंजिन ४० किलोवॅट शक्ती देतंय आणि त्यातली चौथाई कन्व्हर्टरमध्ये वाया जातेय. म्हणजे १० किलोवॅट उष्णता. आपल्या बाथरूममधला गिझर साधारण २ किलोवॅटचा असतो, म्हणजे पाच गिझर एकाच वेळी ७-८ लिटर तेल तापवत आहेत. कूलरने काहीच उष्णता बाहेर नेली नाही असं धरलं, तर एका मिनिटात तेलाचं तापमान ४० अंशांहून जास्त वाढेल. प्रत्यक्षात कूलर बरीच उष्णता नेतो, म्हणून गाडी टिकते. पण ओढण्याचं काम किती जड आहे, याचा अंदाज यावरून येतो.

रोजच्या वापरात हे तेल साधारण ८० ते ९५ अंश सेल्सिअसला चालतं. ते सव्वाशेच्या वर जाऊन तिथेच राहू लागलं की तेल वेगाने खराब होतं आणि रबराची सील कडक व्हायला लागतात. कडक झालेलं सील फिरणाऱ्या शाफ्टला नीट चिकटत नाही आणि मग थेंब सुटतो. म्हणजे आज दिसणारा डाग कालच्या एका मदतीचा असेलच असं नाही. कदाचित तो वर्षभराच्या उन्हाळ्याचा, लिंक रोडवरच्या ट्रॅफिकचा आणि घाटांचा एकत्रित हिशेब असतो. दोर बांधून ओढणं हे फक्त शेवटचं निमित्त ठरतं.

गळती कधी होते, हेही बघा

पुठ्ठ्याने 'कुठे' कळलं. आता 'कधी' हे बघायचं. मेकॅनिकला हे सांगितलंत तर त्याचं अर्धं काम होतं.

फक्त ओढल्यावर किंवा घाट चढल्यावर गळतं, एरवी नाही: पहिला संशय ब्रीदरवर. गिअरबॉक्सच्या वरच्या बाजूला हवा आत-बाहेर जाण्यासाठी एक छोटी नळी असते. तेल तापलं की फुगतं. ८ लिटर तेल ६० अंशांनी तापलं तर साधारण ३५० मिलिलिटरने वाढतं. आधीच कोणी तेल जास्त भरलं असेल, तर हे वाढलेलं तेल ब्रीदरमधून बाहेर येऊन गिअरबॉक्सवरून ओघळतं. खालून बघणाऱ्याला वाटतं, सगळी सील गेली. खरं दुखणं असतं जादा भरलेलं तेल. दुसरा संशय कूलरकडे जाणाऱ्या पाइपांच्या जोडांवर, कारण गरम तेल दाबाने तिथूनच फिरतं.

इंजिन चालू असताना गळतं, बंद केल्यावर थांबतं: दाबाखाली असलेला भाग बघा. कूलरचे पाइप, त्यांचे रबरी तुकडे आणि गिअरबॉक्सच्या पुढच्या पंपाचं सील.

गाडी दोन-तीन दिवस उभी राहिली की गळतं, रोज चालवली तर नाही: मेट्रो २अ २०२३ च्या जानेवारीत पूर्ण सुरू झाल्यापासून डहाणूकरवाडी किंवा कांदिवली पश्चिमहून मेट्रो पकडणाऱ्या अनेकांची गाडी शनिवार-रविवारीच निघते. गाडी उभी राहिली की टॉर्क कन्व्हर्टरमधलं तेल हळूहळू खाली चेंबरमध्ये उतरतं. तिथली पातळी नेहमीपेक्षा वर जाते आणि एरवी तेलाच्या वर असणारं गिअर लिव्हरच्या शाफ्टचं सील तेलात बुडतं. ते थकलेलं असेल तर तिथून गळतं. गाडी सुरू केली की तेल परत कन्व्हर्टरमध्ये जातं आणि गळती 'गायब' होते. ही गळती गॅरेजमध्ये दिसत नाही, कारण गॅरेजपर्यंत तुम्ही गाडी चालवत नेता. म्हणून पुठ्ठ्याचा फोटो महत्त्वाचा.

उभी असो वा चालू, सारखंच गळतं: चेंबरचं गॅस्केट, ड्रेन प्लग किंवा खड्ड्यात, स्पीड ब्रेकरवर आपटून चेंबरला पडलेली चीर.

ठिकाण काय सांगतं?

गाडी चालताना वारा तेलाला मागे ढकलतो. त्यामुळे खालचा सगळा भाग ओला दिसतो आणि सगळ्यात मागचा थेंब सगळ्यात मोठा असतो. नियम असा: सर्वात वरची आणि सर्वात पुढची ओली जागा शोधा. गळती तिथे किंवा तिच्या जवळपास असते. खाली लोंबणारा थेंब फक्त तेल कुठवर ओघळलं ते सांगतो.

इंजिन आणि गिअरबॉक्स जिथे जोडले जातात, तिथून थेंब पडत असेल तर जपून निर्णय घ्या. तिथे दोन सील जवळजवळ असतात, एक इंजिनचं मागचं आणि दुसरं गिअरबॉक्सचं पुढचं. तेल काळसर असेल तर संशय इंजिनवर, लाल असेल तर गिअरबॉक्सवर. दोन्हींसाठी गिअरबॉक्स उतरवावा लागतो, म्हणून मजुरी जास्त. पण वरून ओघळलेलं तेलही याच जागी येऊन टपकतं. त्यामुळे आधी खात्री हवीच.

मागच्या बाजूला थेंब असेल तर प्रॉपेलर शाफ्टचं सील बघा. फोर बाय फोर गाडीत मधे ट्रान्सफर केसही असते. तिचं तेल वेगळं असू शकतं आणि दुरुस्ती गिअरबॉक्सपेक्षा बरीच सोपी.

एक गळती मात्र जमिनीवर दिसतच नाही. अनेक गाड्यांत गिअरबॉक्सचं तेल रेडिएटरच्या आतल्या कूलरमधून फिरतं. हा कूलर आतून फुटला तर तेल कूलंटमध्ये आणि कूलंट तेलात जातं. गुलाबीसर मिल्कशेकसारखा फेस दिसतो. पावसाळ्यात याचा आणखी एक भाऊ असतो. ओढून ओढून तापलेला गिअरबॉक्स अचानक गुडघाभर पाण्यात बुडला की आतली हवा आकसते आणि ब्रीदरमधून पाणी आत ओढलं जाऊ शकतं. तेल दुधाळ दिसतं. दोन्हींत गाडी चालवू नका. आतल्या क्लच प्लेटवरचा थर पाण्याने सुटू लागतो आणि मग खरोखरच गिअरबॉक्स खोलावा लागतो.

गॅरेजने काय करायला हवं?

गळती शोधण्याची पद्धत जुनी आहे आणि तिला अवकाशयान लागत नाही. आधी खालचा भाग पूर्ण धुऊन कोरडा करायचा. मग गाडी १५-२० मिनिटं चालवायची आणि लिफ्टवर घेऊन बघायचं. तरी कळलं नाही तर संशयाच्या जागी टाल्कम पावडर भुरभुरायची. तेल जिथून येतं, तिथे पांढऱ्यावर लाल रेघ उमटते. त्याहून बारीक गळती असेल तर तेलात चमकणारा रंग टाकून अल्ट्राव्हायोलेट दिव्याखाली बघतात.

धुण्याची पहिली पायरी सर्रास गाळली जाते, कारण तिला वेळ लागतो. पण वर्षभराच्या चिखला-तेलाच्या थरावर नजर टाकून 'सील गेलं' म्हणणं हा अंदाज आहे, निदान नव्हे. अंदाजाचे पैसे तुम्ही का द्यायचे?

म्हणून काम सुरू होण्याआधी तीन गोष्टी मागा. तोंडी नको, जॉब कार्डवर किंवा व्हॉट्सॲपवर.

१. धुतल्यानंतर काढलेला गळतीच्या ठिकाणाचा फोटो.

२. तेलाची पातळी किती होती आणि ती किती तापमानाला मोजली.

३. कोणत्या दर्जाचं तेल भरणार आणि किती लिटर.

या तिन्ही गोष्टी चारकोपच्या औद्योगिक वसाहतीतला अनुभवी मेकॅनिकही देऊ शकतो आणि काचेच्या शोरूममधलं सर्व्हिस सेंटरही. जो देतो, त्याच्याकडे गाडी द्या. सांगितलं एक आणि केलं दुसरं असं झालं, तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार ती सेवेतली त्रुटी ठरू शकते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. तिथे तक्रार करताना हेच कागद आणि फोटो लागतात.

आणखी एक. गळती थांबवणारं 'जादूचं' औषध तेलात टाकायला कोणी सांगितलं तर थांबा. ही औषधं रबर फुगवून काही दिवस गळती कमी करू शकतात. पण फुटलेला पाइप, चिरलेला चेंबर किंवा जास्त भरलेलं तेल यांवर त्यांचा काही उपयोग नाही. निदानाआधी टाकलं तर खरी जागा शोधणंही अवघड होतं.

साधी पातळी बघणं इतकं अवघड का झालं?

इंजिन ऑइलची डिपस्टिक आपण स्वतः काढून बघतो. पूर्वीच्या अनेक ऑटोमॅटिक गाड्यांत गिअरबॉक्सलाही अशीच डिपस्टिक असायची. आजच्या बऱ्याच गाड्यांत ती नाही. गाडी लिफ्टवर सपाट उचलायची, इंजिन चालू ठेवायचं, स्कॅनरवर तेलाचं तापमान बघायचं आणि कंपनीने ठरवलेल्या तापमानाला बाजूचा प्लग उघडायचा. तेल बारीक धारेने आलं तर पातळी बरोबर. तापमान चुकलं तर मोजमापही चुकतं. वर दिलेला ३५० मिलिलिटरचा हिशेब आठवा. गरम तेलावर पातळी लावली तर कमी भरलं जाईल, थंड तेलावर लावली तर जास्त.

म्हणजे सगळी गंमत त्या एका आकड्यात आहे: कोणत्या तापमानाला मोजायचं? आणि हा आकडा अनेकदा मालकाच्या हातातल्या पुस्तिकेत नसतो. तो कंपनीच्या वर्कशॉप मॅन्युअलमध्ये असतो.

त्यात भर 'लाइफटाइम ऑइल' या शब्दाची. तेल आयुष्यभर बदलावं लागत नाही, असं विकताना सांगितलं जातं. कोणाच्या आयुष्यभर, ते सांगितलं जात नाही. अनेक गाड्यांच्या पुस्तिकेतच 'कठीण वापर' असा वेगळा तक्ता असतो. ओढकाम, घाट आणि सतत थांबत-चालत जाणारं ट्रॅफिक त्यात मोडतं, आणि अशा गाडीचं तेल लवकर तपासायला किंवा बदलायला सांगितलेलं असतं. दहिसर ते अंधेरी रोज गाडी चालवणाऱ्याने आपला वापर 'साधा' समजू नये. ट्रेलर ओढणाऱ्याने तर नाहीच. काही गाड्यांच्या पुस्तिकेत ट्रेलर ओढूच नका असं स्पष्ट लिहिलेलं असतं. हूक बसवण्याआधी ते पान वाचा.

माहिती कंपनीकडेच का अडकावी?

हा प्रश्न नवा नाही. २५ ऑगस्ट २०१४ रोजी भारतीय स्पर्धा आयोगाने १४ कार कंपन्यांना एकूण सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला होता. सुटे भाग, दुरुस्तीची माहिती आणि निदानाची साधनं बाहेरच्या गॅरेजना मिळू न देणं, हा त्या प्रकरणाचा गाभा होता. पुढे हा वाद अपिलात गेला. २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने 'दुरुस्तीचा हक्क' या विषयावर समिती नेमली आणि त्याच वर्षी त्यासाठी पोर्टलही सुरू केलं. त्यात मोटारी हे एक क्षेत्र आहे.

कंपन्यांची बाजूही ऐकायला हवी. आजचा गिअरबॉक्स नाजूक आहे, अर्धवट माहितीवर कोणी हात घातला तर नुकसान होतं, बाजारात नकली तेल मिळतं आणि दोष शेवटी कंपनीला लागतो, असं त्यांचं म्हणणं असतं. यातलं एकही विधान खोटं नाही. पण माहिती लपवली म्हणून मेकॅनिकचा हात थांबत नाही. तो अंदाजाने तेल भरतो. वॉरंटी संपलेली गाडी घेऊन लोक गल्लीतल्या गॅरेजमध्येच जाणार, हे कंपन्यांनाही माहीत आहे. मग त्या गॅरेजला बरोबर आकडा मिळणं हे गाडीच्या, मालकाच्या आणि कंपनीच्याही फायद्याचं आहे.

मागणी फार मोठी नाही. प्रत्येक ऑटोमॅटिक गाडीच्या पुस्तिकेत आणि कंपनीच्या वेबसाइटवर मराठी-हिंदीसह चार ओळी असाव्यात: तेलाचा दर्जा, पूर्ण क्षमता, पातळी मोजण्याचं तापमान आणि कठीण वापरात तेल बदलण्याचं अंतर. यात कोणतंही व्यापारी गुपित नाही.

सरकारी तपासणी हे पकडेल, अशी आशाही ठेवू नका. पीयूसीत फक्त धूर तपासला जातो. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते, तोवर तिला फिटनेस तपासणीसाठी न्यावं लागत नाही. एमएच-४७ ची पाटी देणारं बोरिवलीचं आरटीओ कार्यालय चारकोप परिसरातच आहे, पण शेजारच्या गल्लीतल्या खासगी गाडीखाली १५ वर्षं कोणताही अधिकारी वाकून बघणार नाही. ते मालकालाच बघावं लागेल.

तोवर गाडी चालवायची का?

पुठ्ठ्यावर रात्रभरात एक-दोन थेंब असतील आणि गाडी नीट चालत असेल, तर गॅरेजपर्यंत सावकाश जाता येईल. पण 'डी'मध्ये टाकल्यावर गाडी उशिरा हलतेय, इंजिनचा आवाज चढतोय पण वेग वाढत नाही, करपल्याचा वास येतोय किंवा सायलेन्सरजवळ धूर दिसतोय, यांपैकी काहीही असेल तर इंजिन बंद करा. तेल तापलेल्या सायलेन्सरवर पडलं तर आग लागू शकते. गल्लीत सांडलेलं तेल पहिल्या पावसात शेजाऱ्याच्या स्कूटरला घसरवतं, हेही विसरू नका. त्यावर माती किंवा लाकडाचा भुसा टाका.

अशी गाडी नेताना तिला पूर्ण उचलून नेणारा फ्लॅटबेड मागवा. ऑटोमॅटिक गिअरबॉक्समधला तेलाचा पंप इंजिनवर चालतो. इंजिन बंद असताना गाडी ओढली, की आतले भाग फिरतात पण त्यांना तेल मिळत नाही. 'न्यूट्रलमध्ये टाकली' एवढं पुरत नाही. पुढच्या चाकांवर चालणारी गाडी असेल तर पुढची चाकं उचललेली हवीत, फोर बाय फोर असेल तर चारही.

आणि दुसऱ्याला ओढायची वेळ तुमच्यावर आलीच, तर लो रेंज असेल तर ती वापरा. चाकं जागची हलत नसतील तर ॲक्सिलरेटर दाबून धरू नका. त्या क्षणी सगळी शक्ती तेल तापवण्यातच जाते. दोन गाड्यांत पाच मीटरपेक्षा जास्त अंतर नको, मागच्या गाडीवर ती ओढली जात असल्याचा फलक लावा आणि वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत ठेवा. काम झाल्यावर इंजिन लगेच बंद करू नका. न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक लावून, काही मिनिटं चालू ठेवा, म्हणजे तेल कूलरमधून फिरून निवेल. दुसऱ्या दिवशी गाडीखाली पुठ्ठा टाका.

वाकून बघताना एवढी काळजी घ्या: नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही शिरू नका आणि गरम गिअरबॉक्सचा प्लग स्वतः उघडू नका. तुमचं काम पुठ्ठा, फोटो आणि प्रश्न विचारणं एवढंच आहे. उत्तर देणं गॅरेजचं काम आहे. आणि त्या उत्तरासाठी लागणारा आकडा देणं, हे गाडी विकणाऱ्या कंपनीचं.